‘ग्रेसलँड’ : अल्बम अजरामर झाला म्हणून बहिष्कार मोडणे योग्य ठरत नाही

१/
२५ ऑगस्ट १९८६ रोजी अमेरिकन रॉक गायक पॉल सायमन याचा ‘ग्रेसलँड’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. त्याच्या सुमारे दहा आठवडे आधी, १२ जून रोजी, दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने देशभर आणीबाणी पुकारली होती. अल्बममधील बहुतांश संगीत त्याच देशातील कृष्णवर्णीय वादकांचे होते. ते ध्वनिमुद्रित करण्यासाठी सायमन जोहान्सबर्गला गेला, आणि जाताना संयुक्त राष्ट्रसंघाने पुकारलेला सांस्कृतिक बहिष्कार त्याने ओलांडला. त्या बहिष्काराचे आणि त्या अल्बमचे काय झाले, याचा हा थ्रेड.

२/
ही हकीकत आज दोन साच्यांत सांगितली जाते. पहिला साचा असा : संगीताला सीमा नसतात; संकुचित राजकारण्यांनी एका कलावंताला अडवले, पण अखेर संगीत जिंकले. दुसरा साचा असा : एका श्रीमंत गोऱ्या माणसाने गरीब काळ्यांचे संगीत चोरले. पहिला साचा माहितीपटांत आणि वर्धापनदिनाच्या लेखांत आढळतो, तर दुसरा समाजमाध्यमांवरच्या वादांत. दोन्ही सोयीचे आहेत. दोन्हींत दक्षिण आफ्रिकेच्या लोकांना स्वतःची बुद्धी नसते. आणि दोन्ही पुराव्यापुढे टिकत नाहीत.

३/
आरंभ बहिष्कारापासून करावा लागेल. १९४८ साली सत्तेवर आलेल्या नॅशनल पार्टीने वर्णद्वेषाला कायद्याचे रूप दिले. कोणी कोठे राहावे, कोणाशी विवाह करावा, कोणत्या शाळेत शिकावे, हे कातडीच्या रंगावरून ठरू लागले. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे परवाना कायद्याविरुद्ध जमलेल्या निःशस्त्र जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. ६९ माणसे मेली. त्यानंतर आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी आली. नेते तुरुंगात गेले किंवा परागंदा झाले. देशात आवाज उठवण्याचे सनदशीर मार्ग बंद झाल्यावर परदेशांतून दबाव आणणे हे लढ्याचे एक मुख्य साधन बनले.

४/
या दबावाच्या इतिहासात भारताचे स्थान पहिल्या ओळीत आहे. १९४६ साली भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापारी संबंध तोडले आणि तेथील भारतीयांच्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला. आमसभेने १९६८ च्या ठरावात सांस्कृतिक, शैक्षणिक व क्रीडाविषयक देवाणघेवाण थांबवण्याची विनंती केली. डिसेंबर १९८० च्या ठरावाने लेखक, कलावंत व संगीतकारांना थेट आवाहन केले. संयुक्त राष्ट्रसंघाचे वर्णद्वेषविरोधी केंद्र त्या काळात सांभाळणारे अधिकारी एनुगा रेड्डी हेही भारतीयच होते. बहिष्कार मोडून कार्यक्रम करणाऱ्या कलावंतांची नावे १९८३ पासून प्रसिद्ध होऊ लागली.

५/
बहिष्काराची किंमत काय असते, हे पुण्याच्या टेनिसप्रेमींना ठाऊक असायला हवे. १९७४ साली पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. विजय आणि आनंद अमृतराज हे बंधू ऐन बहरात होते. समोर संघ होता दक्षिण आफ्रिकेचा. भारताने खेळण्यास नकार दिला. चषक न खेळताच दक्षिण आफ्रिकेकडे गेला. भारताला तो चषक आजवर मिळालेला नाही. खेळाडूंच्या हातातला घास गेला, तरी अंतिम सामना झाला नाही. बहिष्कार पाळणे याचा अर्थ हा.

६/
राजवटीला बहिष्कार झोंबत होता, याचा पुरावा म्हणजे सन सिटी. बोफुथात्स्वाना हा कृष्णवर्णीयांसाठी आखलेला प्रदेश १९७७ साली ‘स्वतंत्र’ म्हणून घोषित झाला. दक्षिण आफ्रिकेखेरीज त्या स्वातंत्र्याला जगाने मान्यता दिली नाही. तेथे १९७९ साली सन सिटी हे जुगारघरांचे आणि मनोरंजनाचे केंद्र उघडले. परदेशी कलावंतांना भरमसाट मानधन देऊन तेथे आणले जाई. आपण दक्षिण आफ्रिकेत नव्हे, दुसऱ्याच देशात गायलो, अशी पळवाटही त्यांना मिळे. सायमनने सन सिटीची निमंत्रणे नाकारली होती. हे श्रेय त्याचे त्याला दिलेच पाहिजे.

७/
१९८५ च्या शरद ऋतूत गिटारवादक स्टीव्हन व्हॅन झँट याच्या पुढाकाराने अनेक नामवंत गायकांनी सन सिटीत न गाण्याची शपथ घेणारे एक गीत प्रसिद्ध केले. त्यात सायमन सामील झाला नाही. गीताच्या कच्च्या मसुद्यात सन सिटीत गाणाऱ्यांची नावे होती आणि त्यांत आपली मैत्रीण लिंडा रॉन्स्टॅड हिचेही नाव होते, असे कारण त्याने पुढे दिले. रॉन्स्टॅडने १९८३ साली तेथे गायन केले होते. तिचाच आवाज ‘ग्रेसलँड’मधील ‘अंडर आफ्रिकन स्काइज’ या गीतात आहे. हा योगायोग टीकाकारांच्या नजरेतून सुटला नाही. सुटायलाही नको होता.

८/
सायमन या वळणावर कसा आला? १९६० च्या दशकात आर्ट गारफंकलच्या जोडीने त्याने अफाट कीर्ती मिळवली होती. मात्र १९८३ चा त्याचा ‘हार्ट्स अँड बोन्स’ हा अल्बम विक्रीत कोसळला. १९८४ साली एक कॅसेट त्याच्या हाती आली : ‘गमबूट्स, अकॉर्डियन जाइव्ह, भाग दोन’. जोहान्सबर्गच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतील नृत्यसंगीत त्या कॅसेटवर होते. तो ती गाडीत पुन्हा पुन्हा ऐकत राहिला. हे कोण वाजवते, याचा शोध घेत तो दक्षिण आफ्रिकेतील निर्माते हिल्टन रोझेंथाल यांच्यापर्यंत पोहोचला. या कुतूहलात खोट शोधण्याचे कारण नाही.

९/
खोट पुढच्या पायरीवर आहे. जाण्यापूर्वी सायमनने क्विन्सी जोन्स आणि हॅरी बेलाफॉन्ते यांचा सल्ला घेतला. बेलाफॉन्ते हे गायक तर होतेच, शिवाय नागरी हक्कांच्या चळवळीतील आणि वर्णद्वेषविरोधी लढ्यातील मोठे नाव होते. त्यांनी सांगितले : आधी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसशी बोल. सायमन बोलला नाही. तो निघून गेला. ‘ग्रेसलँड’च्या साऱ्या वादाचे मूळ या एका न झालेल्या संभाषणात आहे, आणि पहिल्या साच्यातल्या कथनात नेमका हाच प्रसंग एका वाक्यात उरकला जातो.

१०/
फेब्रुवारी १९८५ मध्ये सायमन ध्वनिमुद्रक रॉय हॅली याच्यासह जोहान्सबर्गला पोहोचला. ओव्हेशन स्टुडिओत सुमारे दोन आठवडे काम चालले. बोयोयो बॉइज, ताओ एआ मात्सेखा, जनरल शिरिंडा आणि त्याच्या गाझा सिस्टर्स असे एकेक समूह आले. गिटारवर रे फिरी, बास गिटारवर बकिती कुमालो आणि ड्रमवर आयझॅक म्त्शाली असा संच जमला. न्यूयॉर्कच्या वादक संघटनेच्या दराच्या तिप्पट, म्हणजे तासाला सुमारे १९६ डॉलर, मानधन दिले गेले. जोहान्सबर्गमधील प्रचलित दर दिवसाला सुमारे १५ डॉलर होता. वेठबिगारीचा आरोप येथे उभाच राहत नाही.

११/
पण स्टुडिओच्या दाराबाहेर देश तोच होता. संध्याकाळ झाली की वादकांची चुळबुळ सुरू होई. परवान्याशिवाय गोऱ्यांच्या शहरात रात्री सापडणे म्हणजे अटक, आणि घरी पोहोचवणारी वाहने मर्यादित. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी आणि सायमननेही ही आठवण सांगितली. १९८४ च्या सप्टेंबरपासून व्हाल भागातील वस्त्या पेटलेल्या होत्या. काही महिन्यांतच, जुलै १९८५ मध्ये, अंशतः आणीबाणी आली. ज्या संगीताचा आनंद टेपवर उतरत होता, ते वाजवणारी माणसे परवाना खिशात ठेवून वाजवत होती.

१२/
संगीत म्हणून अल्बमची थोरवी निर्विवाद आहे. सायमनने आधी ताल आणि सुरावटी ध्वनिमुद्रित केल्या, त्यांची कापाकाप व जुळणी केली आणि मग त्यांवर शब्द बसवले. रूढ क्रम त्याने उलटा केला. ‘यू कॅन कॉल मी अल’ या गीतातील बास गिटारची प्रसिद्ध लकेर कुमालोने वाजवली. तिचा उत्तरार्ध हा पूर्वार्धच उलटा फिरवून जोडलेला आहे. जोसेफ शाबालाला यांचा ‘लेडीस्मिथ ब्लॅक मंबाझो’ हा वाद्यांविना गाणारा समूह लंडनला आला आणि अॅबे रोड स्टुडिओत ‘होमलेस’ हे झुलू व इंग्रजी गीत ध्वनिमुद्रित झाले.

१३/
स्वागत दणदणीत झाले. ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत तिसऱ्या. एकट्या अमेरिकेत त्याच्या ५० लाखांहून अधिक प्रती खपल्या. फेब्रुवारी १९८७ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार त्याला मिळाला. संपल्यात जमा मानलेला गायक पुन्हा शिखरावर आला. समीक्षकांनी गौरवाचे लेख लिहिले. आणि याच यशाचा पुढे युक्तिवाद म्हणून वापर सुरू झाला : एवढे सुंदर काही निर्माण झाले, तर त्याला अडवणारे चुकीचेच असले पाहिजेत!

१४/
आक्षेप घेणारे कोण होते? जानेवारी १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी सायमनला भर सभेत जाब विचारला. लंडनमध्ये जेरी डॅमर्स, बिली ब्रॅग आणि पॉल वेलर यांनी त्याने माफी मागावी असे पत्र काढले. एप्रिलमध्ये रॉयल अल्बर्ट हॉलबाहेर निदर्शने झाली. यांतील डॅमर्सने नेल्सन मंडेलांच्या सुटकेची मागणी करणारे गीत १९८४ साली घरोघरी पोहोचवले होते. ‘संगीत न कळणारे राजकारणी’ हे वर्णन या माणसांना कसे लागू पडते, हे पहिल्या साच्याच्या कथाकारांनी सांगावे.

१५/
आता सायमनच्या बाजूचे युक्तिवाद एकेक करून तपासू. पहिला कायद्याचा : त्याने तेथे कार्यक्रम केला नाही, केवळ ध्वनिमुद्रण केले. १९६८ च्या ठरावाची भाषा पाहता या म्हणण्याला थोडा आधार आहे. त्या ठरावाचा रोख राजवटीवर आणि वर्णद्वेष पाळणाऱ्या संस्थांवर होता. पण १९८० च्या ठरावात संगीतकारांनी दक्षिण आफ्रिकेवरच बहिष्कार घालावा असे आवाहन होते. तेथे मंच आणि स्टुडिओ असा भेद नाही. शिवाय नियमाविषयी शंका असेल, तर ज्यांनी नियम केला त्यांना विचारावे, हा साधा व्यवहार आहे. विचारण्याचा सल्ला तर त्याला मिळालाच होता.

१६/
दुसरा युक्तिवाद सर्वांत बळकट आहे : स्थानिक कृष्णवर्णीय वादकांनाच तो हवा होता. सायमनच्या सांगण्यानुसार तेथील कृष्णवर्णीय वादकांच्या संघटनेने मतदान करून त्याला येऊ द्यावे असे ठरवले. वादकांची बाजू समजून घेतलीच पाहिजे. सरकारने त्यांना वस्त्यांत कोंडले होते, नभोवाणीने भाषावार वाटण्या केल्या होत्या, आणि आता जगही त्यांच्याकडे पाठ फिरवत होते. शिक्षा राजवटीला द्यायची आणि भोगायची मात्र तिच्या बळींनी, हा प्रश्न त्यांनी विचारला तर तो क्षुद्र स्वार्थ नव्हता.

१७/
तरीही या युक्तिवादाला मर्यादा आहे. संपाच्या काळात एखाद्या खात्यातील कामगारांना काम करावेसे वाटले, आणि त्यांची अडचण खरी असली, तरी कारखान्याचे दार उघडायचे की नाही हे बाहेरून आलेला गिऱ्हाईक ठरवत नाही. बहिष्कार हे सामुदायिक शस्त्र असते. प्रत्येकाचा अपवाद समर्थनीय असतो. प्रत्येकाने तो स्वतःच मंजूर करून घेतला, की शस्त्र बोथट होते. अपवाद असावा की नसावा हा प्रश्न निराळा. तो मंजूर करण्याचा अधिकार कोणाचा, हा ‘ग्रेसलँड’चा खरा प्रश्न आहे.

१८/
तिसरा युक्तिवाद : मिरियम मकेबा आणि ह्यू मासेकेला यांनी सायमनला पाठिंबा दिला. दोघेही दशकानुदशके परागंदा. मकेबा यांचा पासपोर्ट सरकारने रद्द केला होता. त्यांनी १९६३ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीपुढे साक्ष दिली होती. त्यांनी १९८७ च्या दौऱ्यात सायमनबरोबर गायन-वादन केले. फेब्रुवारीत झिंबाब्वेच्या हरारे येथे रुफारो स्टेडियममध्ये ‘न्कोसी सिकेलेल इ आफ्रिका’ हे मुक्तिलढ्याचे प्रार्थनागीत हजारोंसमोर गायले गेले. या पाठिंब्याचे वजन मोठे आहे. त्याने चोरीचा आरोप बराचसा निकाली निघतो. पण तो पाठिंबा १९८७ चा आहे. परवानगीचा प्रश्न १९८५ चा.

१९/
चौथा युक्तिवाद : या अल्बममुळे जगाला दक्षिण आफ्रिका कळली. नेमके काय कळले? शीर्षकगीत आहे घटस्फोटित बापाने मुलासह एल्विस प्रेस्लीच्या मेम्फिसमधील घराकडे केलेल्या प्रवासाविषयी. बाकी गीतांतही न्यूयॉर्कच्या मध्यमवयीन माणसाची बेचैनी भरून आहे. ‘द बॉय इन द बबल’मध्ये स्फोटाची चाहूल लागते, ‘होमलेस’मध्ये बेघरपणाचे दुःख आहे, पण वर्णद्वेषाचा उच्चार कोठेही नाही. वस्त्यांतील कृष्णवर्णीय गीतकार आडवळणाने लिहीत, कारण त्यांच्या डोक्यावर सेन्सॉर होता. सायमनच्या डोक्यावर तो नव्हता.

२०/
कलावंताने घोषणा लिहाव्यात असे यातून सुचवायचे नाही. वैयक्तिक गीते लिहिण्याचा सायमनला पूर्ण अधिकार होता. पण मग त्याच गीतांना नंतर मुक्तिलढ्याचे योगदान म्हणून मिरवता येत नाही. अल्बमने श्रोत्यांना मबाकांगा आणि झुलू समूहगायन यांची ओळख करून दिली, आणि हे कार्य मोठेच आहे. मात्र राजवटीच्या प्रचारालाही ‘आपापल्या संस्कृतीत आनंदी’ आफ्रिकी माणूसच दाखवायचा असे. हे संगीत तिच्या सोयीचे ठरेल ही टीकाकारांची भीती त्या काळात निराधार नव्हती.

२१/
आता दुसरा साचा : चोरी. संगीताच्या इतिहासात चोरी कशी दिसते हे पाहायचे असेल तर सॉलोमन लिंडाकडे पाहावे. १९३९ साली जोहान्सबर्गमध्ये त्याने ‘मबुबे’ हे गीत ध्वनिमुद्रित केले. हक्क किरकोळ रकमेला गेले. त्याच्या सुरावटीवर पुढे ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ हे जगप्रसिद्ध गीत उभे राहिले आणि त्याने अमाप पैसा कमावला. लिंडा १९६२ साली दारिद्र्यात मेला. त्याच्या मुलींना २००६ साली न्यायालयाबाहेरील तडजोडीतून हिस्सा मिळाला. याला चोरी म्हणतात.

२२/
‘ग्रेसलँड’वर मात्र नावे छापलेली आहेत. ‘द बॉय इन द बबल’वर सायमनसह फोरेरे मोत्लोहेलोआ, ‘आय नो व्हॉट आय नो’वर जनरल शिरिंडा, ‘होमलेस’वर जोसेफ शाबालाला यांना सहरचनाकार म्हणून श्रेय आहे. लेडीस्मिथ ब्लॅक मंबाझोचा पुढचा ‘शाका झुलू’ हा अल्बम सायमनने निर्माण केला आणि त्याला ग्रॅमी मिळाला. शिवाय हा समूह सायमनने ‘शोधलेला’ नाही. त्यांचा पहिला अल्बम १९७३ चा, आणि स्वदेशात ते कधीचेच लोकप्रिय होते. ‘चोरी’ हा शब्द या माणसांचे कर्तृत्व आणि त्यांनी स्वतः केलेला सौदा, दोन्ही पुसून टाकतो.

२३/
म्हणून व्यवहार समान होता असेही नाही. ‘यू कॅन कॉल मी अल’ची बास गिटार कुमालोची, गिटार फिरीची, पण रचनाकार म्हणून नाव एकट्या सायमनचे. अखेरच्या गीताबाबत अमेरिकेतील ‘लॉस लोबोस’ या समूहाच्या सदस्यांनी श्रेय डावलल्याची उघड तक्रार केली. सायमनने ती मान्य केली नाही. वाजवणाऱ्याला एकदा मजुरी मिळते, रचनाकाराला पिढ्यान्‌पिढ्या स्वामित्वधन. ताल आधी आणि शब्द नंतर, अशा पद्धतीत ‘रचना’ कोणाची, हा प्रश्न साधा नाही. टीका करायची तर या बिंदूवर करावी. ती ‘चोरी’पेक्षा अधिक नेमकी आणि अधिक बोचरी आहे.

२४/
बहिष्कारही निर्दोष नव्हता, हे त्याच्या समर्थकांनी मान्य करायला हवे. तो सरसकट होता. गोऱ्या राजवटीच्या कायद्यांना न जुमानता मिश्रवर्णीय वाद्यवृंद चालवणाऱ्या जॉनी क्लेगलाही ब्रिटिश वादक संघटनेच्या नियमांची झळ बसली. राजवटीचे दूत आणि राजवटीचे विरोधक एकाच चाळणीत अडकू लागले. मासेकेलांसारख्यांची तगमग यातूनच होती. नियम बदलायला हवा होता, आणि तो बदललाही. कोणी बदलला, हे मात्र पहिला साचा सांगत नाही.

२५/
मे १९८७ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष ऑलिव्हर तांबो यांनी लंडनमध्ये कॅनन कॉलिन्स स्मृतिव्याख्यान दिले. वस्त्यांतून आणि लढ्यातून उगवणाऱ्या लोकसंस्कृतीवर बहिष्कार नको, तो राजवटीच्या संस्कृतीवर हवा, अशी भूमिका त्यांनी मांडली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अॅमस्टरडॅम येथे देशातील आणि परागंदा कलावंतांनी एकत्र बसून या धोरणाची चर्चा केली. सरसकट बहिष्काराचा निवडक बहिष्कार झाला तो असा : चळवळीच्या आत, वाद घालून, जबाबदारी घेऊन. ‘ग्रेसलँड’ने त्या वादाला धार दिली असेल, त्याचा निकाल मात्र अल्बमने लावला नाही.

२६/
सायमनने अखेर संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीला लेखी कळवले की वर्णद्वेष आहे तोवर आपण दक्षिण आफ्रिकेत कार्यक्रम करणार नाही. समितीनेही आक्षेप मागे घेतला. म्हणजे जे १९८५ मध्ये टाळले, ते पुढे करावेच लागले. जानेवारी १९९२ मध्ये, बहिष्कार उठल्यावर, तो आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या संमतीने जोहान्सबर्गमध्ये गायला. तेव्हाही काही जहाल कृष्णवर्णीय संघटनांनी विरोध केला आणि आयोजकांच्या कचेरीवर हातबॉम्ब टाकले गेले. जखम किती खोल होती, याची यावरून कल्पना यावी.

२७/
२०१२ च्या ‘अंडर आफ्रिकन स्काइज’ या माहितीपटात सायमन आणि ऑलिव्हर तांबो यांचा मुलगा डाली तांबो समोरासमोर बसतात. डाली तांबो हा ‘आर्टिस्ट्स अगेन्स्ट अपार्थाइड’चा संस्थापक. दोघेही आपापली बाजू मांडतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. दृश्य हृद्य आहे. पण त्या आलिंगनाचा अर्थ ‘सायमन बरोबर होता’ असा लावणाऱ्यांनी चित्रपट नीट पाहिलेला नाही. तांबो त्याला क्षमा करतो. जेथे चूक नसते, तेथे क्षमेचे प्रयोजनही नसते.

२८/
इतिहास शिकणाऱ्यांनी येथे एक गोष्ट पक्की करावी : परिणाम चांगला झाला, यावरून निर्णय योग्य होता हे सिद्ध होत नाही. सायमनला १९८५ मध्ये ग्रॅमी दिसत नव्हता, हरारे दिसत नव्हते, मकेबांचा पाठिंबा दिसत नव्हता. त्याला दिसत होता एक चालू लढा, त्या लढ्याने केलेला एक नियम, आणि बेलाफॉन्ते यांचा एक स्पष्ट सल्ला. त्याच्या निर्णयाचा न्याय एवढ्यावरच करायचा. तो केला, तर उत्तर एकच येते : त्याने विचारायला हवे होते.

२९/
कदाचित परवानगी मिळाली असती. कदाचित नसती, आणि ‘ग्रेसलँड’ जन्मलाच नसता. ती हानी खरी असती. पण अशा हानी सोसूनच बहिष्कार उभा राहिला होता. जे कलावंत मोठी रक्कम नाकारून घरी बसले, त्यांच्या न झालेल्या मैफलींचे ध्वनिमुद्रण नाही. १९७४ च्या न झालेल्या अंतिम सामन्याचे चित्रण नाही. बहिष्कार मोडणाऱ्याच्या हाती अल्बम उरतो, पाळणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून पहिल्याची कथा पंचवीस वर्षांनी, चाळीस वर्षांनी पुन्हा सांगितली जाते आणि दुसऱ्याची विसरली जाते.

३०/
‘ग्रेसलँड’ जरूर ऐकावा. कुमालोची बास गिटार, फिरीची गिटार, शाबालाला यांच्या समूहाचा सूर यांना दाद द्यावीच. ऐकताना मात्र त्या संगीताला एका निर्णयाचे वकीलपत्र देऊ नये. ज्या लोकांचे ते संगीत होते, त्याच लोकांचा तो बहिष्कारही होता. सायमनने त्यांचे संगीत मनःपूर्वक ऐकले. बहिष्काराविषयी त्यांचे म्हणणे ऐकायला त्याला दोन वर्षे उशीर झाला.

(समाप्त)